रॅम मोकळी असूनही लिनक्स 'मेमरी नाही' का म्हणतं? व्हर्च्युअल मेमरीच्या मर्यादा, साध्या भाषेत

सर्व्हर सांभाळणाऱ्याला मेमरीची डोकेदुखी दोन प्रकारे होते. एक म्हणजे फ्री कमांड मारली तर तीन जीबी मोकळी दिसतेय, पण नवीन प्रोसेस सुरू करायला गेलं की 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' असा एरर तोंडावर येतो. दुसरी याच्या बरोबर उलट, प्रोग्रामने मेमरी मागितली, कर्नलने (मेमरी वाटणारा लिनक्सचा गाभा) काही कुरकुर न करता दिली, आणि रात्री कधीतरी तोच प्रोग्राम किंवा त्याच्या शेजारी बिचारा गप काम करणारा डेटाबेस मारला गेला. मग आपण शोधायला लागतो, कुठेतरी 'व्हीएम डॉट अमुक = तमुक' अशी ओळ सापडते, ती पेस्ट करतो आणि त्रास एकतर थांबतो किंवा दुसऱ्या जागी जाऊन बसतो.

असं होतं कारण 'मेमरीची मर्यादा' अशी एकच गोष्ट लिनक्समध्ये नाहीच आहे. तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि तिन्हींवर मर्यादा घालायची बटणं वेगळी आहेत. एक, प्रोसेसने किती पत्ते स्वतःच्या नावावर करून ठेवलेत. दोन, त्यातल्या किती मेमरीचा शब्द कर्नलने दिलाय. तीन, खरोखर किती रॅम वापरात आहे. बहुतेक गोंधळ होतो तो तिसरी गोष्ट आवरायची असताना पहिलीवर मर्यादा घातल्यामुळे, म्हणून आधी हे तीन थर नीट डोक्यात बसवूया, मग सेटिंग्ज फार अवघड नाहीत.

प्रत्येक प्रोसेसला कर्नल स्वतःचा एक पत्त्यांचा नकाशा देतो. आजच्या नेहमीच्या ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर हा नकाशा एका प्रोसेससाठी १२८ टीबीचा असतो, तुमच्या मशीनला रॅम ४ जीबी असो नाहीतर ४०० जीबी. हे सगळे पत्ते कागदावरचे. मेमरी ४ केबीच्या पेजमध्ये वाटलेली असते आणि कोणता पत्ता रॅमच्या कोणत्या पेजवर जातो हे पेज टेबलमध्ये लिहिलेलं असतं. आता गंमत बघा, प्रोग्रामने मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) करून १ जीबी मागितली तर कर्नल फक्त नोंद करतो की हा एवढा पट्टा याचा, रॅममधलं एकही पेज त्यासाठी अडवत नाही. प्रोग्राम जेव्हा त्या पट्ट्यातल्या एखाद्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहितो तेव्हा पेज फॉल्ट होतो, कर्नल एक ४ केबीचं रिकामं पेज शोधतो, शून्यांनी भरतो, टेबलमध्ये लिहितो आणि प्रोग्रामला पुढे जाऊ देतो. म्हणजे १ जीबी मागून १० एमबीच वापरली तर रॅम १० एमबीच्या आसपासच गेली.

टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडलं की हे समोर दिसतं. 'व्हर्ट' नावाचा रकाना पत्त्यांचा, 'रेस' हा खऱ्या रॅमचा. जावाची एखादी प्रोसेस व्हर्टमध्ये ८ जीबी आणि रेसमध्ये ६०० एमबी दाखवते तेव्हा घाबरून जायचं काही कारण नाही. थ्रेडचंच घ्या, प्रत्येक थ्रेडला साधारण ८ एमबीचा स्टॅक मिळतो, २०० थ्रेड असले की १६०० एमबी व्हर्टमध्ये वाढली, पण प्रत्यक्षात एकेक थ्रेड बऱ्याचदा काही केबीच वापरून बसलेला असतो.

आता मधला थर, शब्द दिलेली मेमरी. सगळे प्रोग्राम मागतात जास्त आणि वापरतात कमी हे कर्नलला माहीत आहे, म्हणून तो असलेल्या रॅमपेक्षा जास्त मेमरी कबूल करतो. लग्नाच्या पत्रिका पाचशे जणांना जातात आणि आचाऱ्याला तीनशे पानं सांगितलेली असतात, तसंच, आणि एरवी सगळं व्यवस्थित पार पडतं. यालाच ओव्हरकमिट म्हणतात आणि किती ओव्हरकमिट चालवून घ्यायचं हे 'व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी' या सेटिंगने ठरतं. याच्या किंमती तीनच, ०, १ आणि २.

० हा डीफॉल्ट, यात कर्नल अंदाजाने चालतो, अगदीच अचाट मागणी असेल तर नाकारतो. नव्या कर्नलमध्ये हा अंदाज खूप साधा आहे, एकाच वेळची मागणी एकूण रॅम अधिक स्वॅप (रॅम कमी पडली की पेजेस ठेवायची, सहसा डिस्कवरची जागा) यापेक्षा मोठी असेल तरच नाही म्हणायचं, बाकी हो. १ म्हणजे कोणी काहीही मागा, हो. २ म्हणजे काटेकोर हिशेब, एक कमाल आकडा ठरलेला, त्याच्या वर एक पेजही कबूल करायचं नाही.

तो कमाल आकडा म्हणजे 'कमिटलिमिट'. तो असा निघतो: रॅमचे ठरावीक टक्के अधिक सगळा स्वॅप. टक्के 'व्हीएम.ओव्हरकमिट_रेशो' मधून येतात, डीफॉल्ट ५०, आणि ह्यूजपेजेससाठी (मोठ्या आकाराच्या पेजेससाठी) बाजूला काढलेली रॅम यात धरत नाहीत. /प्रॉक/मेमइन्फो उघडा, त्यात कमिटलिमिट आणि 'कमिटेड_एएस' अशा दोन ओळी सापडतील, दुसरी म्हणजे आत्तापर्यंत सगळ्यांना मिळून किती मेमरी कबूल झाली आहे. इथे खूप लोक फसतात, ० किंवा १ मोडमध्ये कमिटलिमिट फक्त दाखवायला असतो, तो लागू नसतो, त्यामुळे कमिटेड_एएस त्याच्या वर गेलेला दिसला म्हणजे काही बिघडलं असं नाही.

एक मशीन घेऊन बघू. ८ जीबी रॅम, स्वॅप नाही (भाड्याच्या क्लाउड मशीनवर बऱ्याचदा नसतोच), कमिटेड_एएस समजा ६ जीबी, आणि फ्री मारलं तर ४ जीबी मोकळी. कोणीतरी कुठेतरी वाचलं की ओओएम किलरपासून (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) वाचायचं तर २ मोड लावा, आणि लावला. कमिटलिमिट किती झाला? ८ चे ५० टक्के, ४ जीबी, स्वॅप शून्य. कबूल केलेली मेमरी आधीच ६ जीबी. चालू असलेलं काही मरत नाही पण त्या क्षणापासून नवीन मागणी कोणाचीच मान्य होत नाही, फोर्क (प्रोसेसने स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस करणं) होत नाही, साधं एलएस चालत नाही, दुसऱ्या खिडकीतून एसएसएच करायला गेलात तर लॉगिनही होत नाही कारण त्यालाही नवी प्रोसेस लागते. आणि रॅम मात्र ४ जीबी मोकळी. पहिल्या परिच्छेदातली पहिली डोकेदुखी ती हीच.

२ मोड वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो लावायचा तर आधी कमिटेड_एएस दोन-चार दिवस, विशेषतः सगळ्यात जास्त गर्दीच्या वेळी बघायचा, मग रेशो ८०-९० च्या घरात न्यायचा आणि थोडा स्वॅप द्यायचा. याच मशीनला २ जीबी स्वॅप आणि ८० टक्के रेशो दिला तर मर्यादा ६.४ अधिक २, म्हणजे ८.४ जीबी होते आणि श्वास घ्यायला जागा मिळते. टक्क्यांऐवजी थेट आकडा द्यायचा असेल तर 'ओव्हरकमिट_केबाइट्स' आहे, दोन्हींपैकी एकच चालतं, एक लावलं की दुसरं शून्य होतं. आणि 'अ‍ॅडमिन_रिझर्व्ह_केबाइट्स' विसरू नका, रूटला (मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिनला) अडचणीच्या वेळी आत शिरून काहीतरी करता यावं म्हणून ही राखीव जागा असते, डीफॉल्ट जास्तीत जास्त ८ एमबी, काटेकोर मोडमध्ये ती पुरत नाही, कर्नलच्या कागदपत्रांत ६४ बिट मशीनसाठी १२८ एमबीच्या आसपास सुचवलं आहे.

२ मोडची एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवायची, नकार जास्त खाणाऱ्याला मिळत नाही, पुढे जो मागायला येईल त्याला मिळतो. एका प्रोग्रामने सगळी कबुली गिळून ठेवली तरी एरर दुसऱ्याच कोणाला तरी येतो आणि तुम्ही त्या दुसऱ्याच्या लॉगमध्ये चूक शोधत बसता.

मग कोणता मोड लावायचा? पोस्टग्रेस आणि रेडिस हे दोन डेटाबेस या प्रश्नाची बरोबर उलट उत्तरं देतात आणि दोघांचंही खरं आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

पोस्टग्रेसची कागदपत्रं २ मोड सुचवतात. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस असते आणि सगळ्या प्रोसेस एकच शेअर्ड मेमरी वापरतात. ओओएम किलरने त्यातली एक जरी सिगकिलने (प्रोसेस तिथल्या तिथे मारणारा सिग्नल) उडवली तरी मुख्य प्रोसेसला खात्री देता येत नाही की मरणाऱ्याने शेअर्ड मेमरी अर्धवट लिहून ठेवली नाही, म्हणून ती बाकीची सगळी कनेक्शन तोडते आणि क्रॅश रिकव्हरी सुरू करते. एका जड क्वेरीपायी सगळे बाहेर. २ मोडमध्ये त्याच क्वेरीच्या मॅलॉकला 'नाही' असं उत्तर मिळतं, पोस्टग्रेस त्या एका क्वेरीला 'आउट ऑफ मेमरी' एरर देतो, कनेक्शनसुद्धा टिकतं आणि इतरांना पत्ताही लागत नाही. डेटाबेसच्या दृष्टीने नकार हा मरणापेक्षा कितीतरी बरा.

रेडिस नेमका १ मागतो, सुरू होताना लॉगमध्ये तसा इशाराही देतो. रेडिसचा सगळा डेटा रॅममध्ये असतो आणि स्नॅपशॉट डिस्कवर लिहायचा असला की तो फोर्क करतो. फोर्क झाल्यावर मूल प्रोसेसला आईची सगळी मेमरी कागदावर मिळते, प्रत्यक्षात दोघी तीच पेजेस वापरतात, आणि कोणी एखाद्या पेजवर लिहिलं तरच त्या एका पेजची प्रत निघते, यालाच कॉपी ऑन राइट म्हणतात. आता १६ जीबीचं मशीन, रेडिसमध्ये १० जीबी डेटा, स्वॅप नाही, २ मोड, रेशो ९० टक्के, म्हणजे मर्यादा १४.४ जीबी. फोर्कच्या वेळी कबुली लागते आईची १० आणि मुलाची १०, झाले २०, कर्नल नाही म्हणतो. स्नॅपशॉट झाला नाही की रेडिस डीफॉल्ट सेटिंगमध्ये नवीन लिखाण घेणंच बंद करतो, म्हणजे तुमचं अ‍ॅप थांबलं. खरी जास्तीची गरज कदाचित काही शे एमबीची होती.

दोघं एकाच मशीनवर असतील तर? माझं स्पष्ट मत, शक्य असेल तर ठेवू नका. ठेवावंच लागलं तर ० मोड राहू द्या, रेडिसला त्याच्याच कॉन्फिगमध्ये 'मॅक्समेमरी' लावा आणि खऱ्या वापरावर सीग्रुपने (प्रोसेसचे गट करून त्यांच्यावर मर्यादा घालायची कर्नलची सोय) मर्यादा घाला, ते पुढे येतंच. २ मोडच हवा असा हट्ट असेल तर भरपूर स्वॅप द्या, तो वापरला जाणार नाही कदाचित, पण स्वॅपचा पूर्ण आकडा कमिटलिमिटमध्ये धरला जातो, त्यामुळे फोर्कच्या कबुलीला जागा होते.

आता ० आणि १ मोडमध्ये सगळे पाहुणे एकदम आले तर काय, तिथे ओओएम किलर येतो. रॅम संपली, स्वॅप संपला, फाइलींची कॅश काढून टाकून झाली, तरी पेज मिळेना, की कर्नल एक प्रोसेस निवडून मारतो. कोणती? प्रत्येकीला एक गुण असतो, खऱ्या वापरातली रॅम, तिचा स्वॅप आणि पेज टेबलं मिळून जेवढी मेमरी ती अडवून बसली आहे त्यावर. पत्त्यांचा आकडा यात धरत नाहीत. म्हणून गळती लागलेला (घेतलेली मेमरी परत न करणारा) छोटा स्क्रिप्ट राहतो आणि सगळ्यात मोठा म्हणून डेटाबेस जातो असं होऊ शकतं. प्रत्येक प्रोसेसच्या 'ओओएम_स्कोर_अ‍ॅडज' मध्ये उणे १००० ते अधिक १००० आकडा टाकून तुम्ही पारडं झुकवू शकता, उणे १००० म्हणजे याला हात लावायचा नाही. पण सगळ्यांनाच उणे १००० देऊ नका, मारायला कोणी उरलं नाही तर कर्नल पॅनिक करून अख्खं मशीनच बंद पडतं.

असा प्रकार झाला की डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) बघा, तिथे 'किल्ड प्रोसेस' अशी ओळ असते, त्यात 'टोटल-व्हीएम' आणि 'अ‍ॅनॉन-आरएसएस' असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. पहिला आकडा बघून लोक हादरतात, पण तो नुसता पत्त्यांचा, तो सोडा, दुसरा बघा, तो खरा. आणि ओळीची सुरुवात नीट वाचा, नुसतं 'आउट ऑफ मेमरी' लिहिलंय की 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी'. पहिलं असेल तर मशीनच भरलं होतं, दुसरं असेल तर मशीनमध्ये जागा होती पण त्या गटाला तुम्हीच घातलेली मर्यादा आड आली. कंटेनरवाल्यांना (प्रोग्राम वेगळ्या, मर्यादा घातलेल्या खोक्यात चालवणाऱ्यांना) दिसणारा एक्झिट कोड १३७ यातूनच येतो, १२८ अधिक सिगकिलचा क्रमांक ९, अर्थात सिगकिल दुसरं कोणीही पाठवू शकतं, म्हणून लॉग बघूनच ठरवायचं.

आता पत्त्यांवरची मर्यादा, 'युलिमिट -व्ही', शेलमधून प्रोसेसवर मर्यादा घालायची कमांड. जुन्या काळी ही ठीक होती, पत्ते आणि वापर यांत फार फरक नसायचा. आज जावा, गो, ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट इंजिन हे सगळे सुरुवातीलाच पत्त्यांचे मोठे पट्टे अडवून ठेवतात, कारण पत्ते फुकट आहेत. मेमरीतल्या चुका शोधणारं अ‍ॅड्रेस सॅनिटायझर तर काही टीबी पत्ते घेतं. अशांना युलिमिटने ४ जीबी लावली तर ते ३०० एमबी वापरायच्या आधीच कोसळतात. मग वाटतं की खऱ्या रॅमवरची युलिमिट लावू, ती 'युलिमिट -एम', मॅनपेजमध्ये आहे, कमांड एरर देत नाही, पण लिनक्सच्या २.४ मालिकेनंतर तिचा काहीही परिणाम होत नाही. लावून निर्धास्त झोपणारे लोक आहेत म्हणून सांगतोय.

याच थरातलं 'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट' मात्र कामाचं आहे. एका प्रोसेसच्या नकाशात वेगवेगळे तुकडे किती असू शकतात याची ही मर्यादा, मूळ डीफॉल्ट ६५५३०. इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन ढीगभर फाइली मेमरीत मॅप करतं म्हणून ते किमान २६२१४४ मागतं, नाहीतर प्रॉडक्शनमध्ये सुरूच होत नाही. विंडोजचे काही गेम लिनक्सवर याच मर्यादेला धडकून पडायचे, म्हणून फेडोरा ३९ ने आणि उबुंटू २४.०४ ने डीफॉल्ट वाढवून १०४८५७६ केला. हा आकडा वाढवायला घाबरू नका, त्याने रॅम जात नाही.

आणि तिसरा थर, खरा वापर. इथे मर्यादा घालायची योग्य जागा म्हणजे सीग्रुप, आणि एखाद्याने मला एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन. दुसऱ्या आवृत्तीत मुख्य दोन फाइली, 'मेमरी.हाय' आणि 'मेमरी.मॅक्स'. मॅक्स ही भिंत, त्यापुढे जायचं म्हटलं की आधी त्याच गटातली पेजेस मोकळी करायचा प्रयत्न होतो आणि नाहीच जमलं तर त्याच गटातली प्रोसेस मरते, बाहेरचं कोणी मरत नाही. हाय हा अलीकडचा उंबरठा, तो ओलांडला की कर्नल त्या गटाला मुद्दाम हळू करतो आणि त्याची पेजेस परत घ्यायला लागतो, मारत मात्र नाही. सिस्टमडीच्या (सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) सर्व्हिस फाइलमध्ये 'मेमरीहाय' आणि 'मेमरीमॅक्स' अशा दोन ओळी लिहिल्या की झालं. हाय थोडी खाली ठेवा म्हणजे भिंतीवर आपटायच्या आधी तुम्हाला सुगावा लागतो. फाइलींची कॅशही गटाच्या नावावर धरतात हे माहीत असू द्या, वापर मर्यादेला चिकटलेला दिसला म्हणजे गळतीच आहे असं नाही.

कंटेनरमध्ये एक जुनी अडचण आहे, आत फ्री मारलं तर आकडे अख्ख्या मशीनचे दिसतात, कंटेनरचे नाही. जावा डीफॉल्टने दिसणाऱ्या रॅमच्या पाव हिस्सा हीप (स्वतःच्या डेटासाठीची मेमरी) धरतं, जुनं जावा ६४ जीबीच्या मशीनवर २ जीबीच्या कंटेनरमध्ये १६ जीबी हीप धरून चालायचं आणि १३७ ने मरायचं. २०१८ मध्ये आलेल्या जावा १० पासून ते सीग्रुपची (पहिल्या आवृत्तीची, दुसरीची जावा १५ पासून) मर्यादा वाचतं, जावा ८ मध्येही पहिल्या आवृत्तीपुरती ही सोय १९१ क्रमांकाच्या अपडेटपासून आहे. अजून त्याच्या आधीचं काही चालवत असाल तर हीप हाताने द्या.

स्वॅपबद्दल थोडंसंच. 'स्वॅपिनेस ६०' चा अर्थ रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू असा नाही, हा गैरसमज फार पसरलाय. पेजेस मोकळी करायची वेळ आली की प्रोग्रामची पेजेस स्वॅपला पाठवायची की फाइलींची कॅश टाकायची, यातला कल तो आकडा ठरवतो. पूर्वी ० ते १००, कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत, कारण झेडरॅमसारखा स्वॅप रॅममध्येच दाबून ठेवलेला असतो आणि डिस्कपेक्षा वेगवान असतो. ० केलं तरी स्वॅप बंद होत नाही, फक्त अगदी नाइलाज होईपर्यंत थांबतो. 'मिन_फ्री_केबाइट्स' ला तर सहज म्हणून हात लावूच नका, फार वाढवलंत तर कर्नल तेवढी रॅम राखून ठेवतो आणि रॅम असताना ओओएम सुरू होतं.

बदल करताना आधी सिस-सीटीएल कमांडने (कर्नलची सेटिंग्ज बदलणारी) चालू मशीनवर करून बघा, एक एसएसएच खिडकी रूटने आधीच उघडी ठेवा, म्हणजे नवी प्रोसेस होईना तरी त्या शेलमधूनच एको करून आकडा परत टाकता येतो, एको शेलच्या आतलीच कमांड आहे, तिला फोर्क लागत नाही. व्यवस्थित वाटलं की मगच /ईटीसी/सिस-सीटीएल.डी मध्ये फाइल करून लिहा, नाहीतर रीबूटनंतर सगळं पुन्हा डीफॉल्टवर. आणि नंतर नुसतं फ्री बघत बसू नका, कर्नल ४.२० पासून, जिथे ते चालू ठेवलंय तिथे, /प्रॉक/प्रेशर/मेमरी अशी फाइल असते, तिच्यातली 'सम' ची ओळ सांगते की गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किमान एक तरी काम मेमरीसाठी ताटकळत होतं असा वेळ किती टक्के होता, आणि 'फुल' ची ओळ सांगते की सगळीच कामं एकदम अडून बसली होती असा वेळ किती. फुलचा आकडा शून्यावरून हलून तिथेच रेंगाळायला लागला की ओओएम किलर यायच्या आधी तुमच्याकडे थोडा वेळ असतो, त्या वेळात मेमरी.हाय कोणत्या गटाची ओलांडली जातेय ते त्या गटाच्या 'मेमरी.इव्हेंट्स' फाइलमध्ये बघा.